डाव्या बाजूने झिजलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. फळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वर्गातला भिंतभर फळा उभा राहिला असेल, तर आधीच माफी मागतो. मी तेवढा मोठा नाही. मी भिंतीवरचा नव्हे, मांडीवरचा फळा. माझ्यावर कधी कुणी कविता लिहिली नाही की गणित सोडवले नाही. बाण, फुल्या आणि गोल, एवढेच माझ्या वाट्याला आले, आणि तेही मिनिटभरासाठी. मग कुणीतरी तळहाताने पुसून टाकायचे. असल्या फळ्याने आत्मवृत्त कशाला सांगावे, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. पण एका बाईची गोष्ट मी फार जवळून पाहिली आहे. ती सांगता सांगता माझीही थोडी सांगून होईल, इतकेच.

माझा जन्म एका कपाटाच्या उरलेल्या प्लायवुडमधून झाला. बास्केटबॉलच्या एका संघाचे प्रशिक्षक होते. संघ बायकांचा, पण हौशी नव्हे. पगार घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंचा. प्रशिक्षकांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. सरांचा मेहुणा सुतार होता. सर त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, “अख्खं मैदान काढता येईल एवढा तुकडा दे.”

मेहुणा म्हणाला, “भाऊजी, गिऱ्हाइकाच्या कपाटाला दार लावू, की तुमचं मैदान करू? एकच काय ते सांगा.”

शेवटी अर्ध्या मैदानावर सौदा पटला. “अर्धं पुरे,” मेहुणा म्हणाला. “बॉल टाकायचा तो एकाच टोपलीत ना?” ज्याला खेळातले ओ की ठो कळत नाही, असा माणूसही कधीकधी बरोबर बोलून जातो. मला काळ्या रंगाचे दोन हात दिले गेले. त्यावर बारीक ब्रशने पिवळ्या रेघा आल्या. वर मधोमध रिंगचा छोटा गोल, त्याच्याखाली चौकट, आणि तिला कवेत घेणारी मोठी कमान. कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवली. झालो मी तयार.

त्यानंतर दोनच वर्षांनी ती आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि इतकी उंच, की दारातून येताना आधी वाकायची आणि मग आत यायची. कपडे बदलायच्या खोलीतल्या लटकत्या दिव्याला पहिल्याच दिवशी तिचे डोके लागले. दिवा हेलकावे खात राहिला आणि कर्णधार म्हणाली, “चला, आता बल्ब बदलायला शिडी मागवायला नको.” तेव्हापासून ती ‘शिडी’. घरचे नाव पगाराच्या पत्रकात राहिले असेल, मैदानावर कुणी वापरले नाही.

शिडी डावखुरी होती. समोरच्या संघातल्या मुली सवयीने उजव्या हाताची वाट अडवून उभ्या राहत आणि ही डावीकडून वाऱ्यासारखी निघून जाई. पुढे पुढे सगळ्यांना हे ठाऊक झाले, तरी अडवता कुणालाच येईना. पुराचे पाणी कुठून येणार हे ठाऊक असून काय उपयोग? मग सरांनीही शहाण्या माणसासारखे केले. सगळ्या चाली तिच्यासाठीच रचल्या. सामन्यात मिनिटभराची विश्रांती मिळाली, की सर गुडघ्यावर बसत, मला मांडीवर घेत आणि खडूने बाण काढत. सगळे बाण फिरून फिरून माझ्या डाव्या बाजूला येऊन थांबत.

सगळ्या जणी माझ्यावर वाकून बघत. शिडी मात्र पाणी पीत रिंगकडे बघत उभी असे.

“ए शिडी, बघतेस ना?”

“बघितलं, सर.”

“कधी?”

“तुम्ही काढायच्या आधी.”

बाकीच्या हसत. सर रागावत नसत. मला थोडे वाईट वाटे, खरे सांगतो. पण ती मैदानात जाई आणि माझ्यावर काढलेले तंतोतंत करून दाखवी, कधीकधी काढलेल्याहून चांगले. मग मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?

अशी चौदा वर्षे गेली. दोनदा संघाने मोठा करंडक जिंकला. दुसऱ्या वेळी वर्तमानपत्रात फोटो आला. शिडी मधोमध, करंडक तिच्या डोक्यावर, आणि खाली सरांच्या काखेत माझा एक कोपरा. कोपराच, पण होता. तो फोटो कपडे बदलायच्या खोलीत बरीच वर्षे चिकटवलेला होता आणि मी खिळ्यावरून तो गुपचूप पाहत असे. एवढा गर्व मला माफ करावा.

मग तिचा गुडघा गेला. सामन्यात नव्हे, सरावात. साधी उडी होती, रोज शंभर वेळा मारतात तशी. ती खाली आली तेव्हा कट्‌ असा आवाज झाला. खडू मोडल्यावर होतो ना, अगदी तसा. दोन शस्त्रक्रिया झाल्या. नंतर ती सरांना सांगत होती, “डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, सगळं कराल. उडी नाही. मी म्हटलं, थोडीशी? तर म्हणे, बाई, उडी थोडीशी नसते.”

सर त्याच वर्षी थांबणार होते. डोळे अधू झाले होते; माझ्यावरच्या रेघा त्यांना डोळ्यांशी नेऊन बघाव्या लागत. संघाच्या अध्यक्षांनी शिडीला विचारले आणि ती हो म्हणाली. जाताना सरांनी मला तिच्या हातात दिले.

“एक सांगू का गं? मी तुला काही शिकवलं नाही. तुला येतच होतं. त्यामुळे शिकवतात कसं, हे तू माझ्याकडे कधी बघितलंच नाहीस.”

“असं काय बोलता, सर?”

“बोलतो आपला. म्हाताऱ्याचं काय मनावर घ्यायचं.”

आणि तिने मनावर घेतले नाही.

पहिले वर्ष बरे गेले. तिच्याबरोबर खेळलेल्या तिघी-चौघी अजून संघात होत्या, त्यांनी सांभाळून नेले. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या आणि नव्या मुली आल्या. मुलींची ती आता ‘ताई’ झाली. या मुलींमध्ये एक पोस्टमनची मुलगी होती. संघात सर्वांत बुटकी, काटकुळी, आणि तोंडातून शब्द काढायचा तर जणू कुणी चिमट्याने ओढून काढतो आहे. तिला सगळ्या ‘टाचणी’ म्हणत.

ताई मला मांडीवर घेऊन भराभर बाण काढायची. “तू इथे, तू तिथे. मग तू अशी फिरून इकडे यायचं आणि सरळ वर. कळलं?” सगळ्या माना हलवायच्या. “हो ताई.” आणि मैदानात गेल्या की धडपडायच्या. मग ताईचा धीर सुटे. गुडघ्याला पट्टा बांधून ती स्वतः लंगडत आत जाई, बॉल घेई, डावीकडे झुके आणि उडी न मारताही बॉल रिंगमधून आत जाई. “असं! दिसलं?” मुली टाळ्या वाजवत.

“टाळ्या नकोत गं, करून दाखवा!”

करून कोण दाखवणार? त्या वर्षी संघात डावखुरी एकही नव्हती. पण हे ताईच्या ध्यानी आले नाही, मुलींनी सांगितले नाही, आणि मी... माझ्यावर सगळे लिहिलेले असते, पण फळ्याला तोंड नसते. समोरच्या संघांनी मात्र ओळखले. आमच्या हातात बॉल आला, की त्या पाचही जणी एका बाजूला कलत, बस वळणावर आल्यावर प्रवासी कलतात तशा. आम्ही ओळीने सात सामने हरलो.

एके दिवशी अध्यक्ष सरावाच्या वेळी आले. माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसले.

“हे बघा, शेवटचे दोन संघ खालच्या गटात जातात, तुम्हाला माहीतच आहे. चार सामने उरलेत. खाली गेलो तर मला नवीन माणूस बघावा लागेल. आजच सांगून ठेवतो, उगाच नंतर मनात काही नको.”

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाली.

ते गेल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बसली. मी तिच्या मांडीवर होतो. “खेळ गेला,” ती पुटपुटली. “आता हेही गेलं तर मी कोण?” मग तिने खिशातून कागद काढून पुढच्या वर्षीच्या संघाची नावे लिहायला घेतली. टाचणीचे नाव लिहिले आणि खोडले.

त्या रविवारी सकाळी तिने मला घरी नेले. माझ्या रेघा पुसट झाल्यामुळे मुलींना नीट दिसत नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. नाचता येईना, अंगण वाकडे! पण तिला दोष कसा देऊ? बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. तिने पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून तिने मला आडवे ठेवले. समोर तिची आई एका कोटाची बाही उसवत बसली होती. आई लोकांचे कपडे दुरुस्त करून देत असे, त्याच कामावर तिने दोन मुले वाढवली होती.

ताईने डावीकडची कमान रंगवली. डावी रेघ रंगवली. डावा कोपरा तर इतका झिजला होता, की काळा रंग जाऊन लाकूड दिसत होते. तिथे तिने दोनदा हात फिरवला. मग ती उजवीकडे आली आणि ब्रश हवेतच राहिला. उजवीकडे रंगवण्यासारखे काही नव्हतेच. रेघा जवळजवळ नव्यासारख्या होत्या.

“काय झालं गं?” आईने विचारले.

“आई, हा एकाच बाजूने झिजलाय.”

आईने मान वर करून पाहिले. “झिजणारच. कोट आला, की मी आधी कोपरं बघते. डाव्या कोपराला भोक असलं म्हणजे तो माणूस डाव्या हातावर डोकं टेकून बसणारा. वस्तू खोटं बोलत नाहीत, बाई.”

ताईने कोरड्या बोटाने माझ्या उजव्या बाजूला एक चाल काढायचा प्रयत्न केला. बोट थोडे गेले आणि थांबले. पुन्हा सुरू केले. पुन्हा थांबले. चौदा वर्षे खेळलेल्या, दोन वर्षे शिकवलेल्या त्या बाईला उजवीकडची एकही चाल आठवेना.

“मी सगळ्यांना मीच व्हायला सांगतेय,” ती हळूच म्हणाली.

“नवीन काय त्यात?” आईने बाहीचा दोरा तोडला. “धाकट्याची शाळेची चित्रं कोण काढून द्यायचं? तूच. ‘दे इकडे, तुला येत नाही.’ सगळ्या चित्रांना छान शेरे मिळाले. आज तो तिशीला आला. परवा लेकीला मांजर काढून दिलं, तर ती विचारते, बाबा, ही बादली का?”

ताई हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पिवळा रंग गालाला लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सरावाला तिने मुलींना गोल बसवले. मला मधे जमिनीवर ठेवले आणि खडू माझ्या अंगावर टाकला. “एकेकीने यायचं. जिथून बॉल टाकताना तुला बरं वाटतं, तिथे एक गोल काढायचा.”

कुणी हलेना. शेवटी एक धीट मुलगी म्हणाली, “ताई, चुकलं तर नाव कापणार का?”

“तुला कुठून बरं वाटतं, यात चुकायचं काय, वेडे?”

तरी त्या घाबरतच आल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्या उजव्या बाजूला एवढे हात पहिल्यांदा लागले. गुदगुल्या झाल्या म्हणालो, तर तुम्ही हसाल. सर्वांत शेवटी टाचणी आली. तिने उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, वाटाण्याएवढा गोल काढला.

“तिथून? एवढ्या लांबून?” ताईने विचारले.

“घरी जिना आणि भिंत यांच्यामध्ये तेवढीच जागा आहे. तिथूनच टाकायचे मी.”

“टाकून दाखव.”

टाचणीने दहा टाकले. आठ आत गेले.

“अगं, मग आजवर बोलली का नाहीस?”

टाचणीने जमिनीकडे बघत सांगितले, “तुम्ही विचारलं नाहीत, ताई.”

ताई खाली बसली. गुडघा वाकत नसल्यामुळे एक पाय लांब पसरून बसली आणि मुलींच्या गोलांपासून चाली रचू लागली. तिला जमत नव्हते. पुसायची, पुन्हा काढायची. एक बाण तर थेट भिंतीत गेला, तेव्हा मुली खुदकन हसल्या आणि तीही. मला आठवते, त्या दिवशी पहिल्यांदा मुली तिच्याशी वाद घालायला लागल्या. “ताई, इथे मी पोचणारच नाही.” “ताई, हिला इकडे घ्या ना.” सरावाची वेळ संपली तरी कुणी उठले नाही.

पुढच्या तीन सामन्यांपैकी आम्ही दोन जिंकलो. चौथा जिंकला तर वरच्या गटात राहणार, हरलो तर खाली. शेवटचे नऊ सेकंद उरले होते, एका गुणाने मागे होतो. ताईने विश्रांती मागितली. सगळ्या वाकल्या. तिने खडू टेकवला तो डावीकडे. सवय मोठी चिवट असते. तिने तळहाताने तो ठिपका पुसला आणि उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला. टाचणीने एकदा गोलाकडे पाहिले आणि एकदा ताईकडे.

“तिथून तुला बरं वाटतं ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

चाल अगदी काढली तशी झाली. समोरच्या पाचही जणी डावीकडे कलल्या. उजव्या कोपऱ्यात टाचणी एकटी. बॉल तिच्या हातात आला, तिने टाकला. बॉल रिंगच्या कडेवर बसला, एक गिरकी घेतली आणि बाहेर पडला.

असे कशाला सांगितले, आत गेला म्हणून सांगायचे होते, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसे सांगायला आवडले असते. पण तो बाहेर पडला आणि आम्ही खाली गेलो.

कपडे बदलायच्या खोलीत मुली खाली बघत बुटांचे बंद सोडत होत्या. ताईच्या खिशात अध्यक्षांना द्यायचे पत्र होते. संघ सोडत असल्याचे पत्र तिने सकाळीच लिहून ठेवले होते. हरलो तर लगेच देता यावे म्हणून. ती उठली. तेवढ्यात टाचणी तिच्या वाटेत येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते, नाक लाल झाले होते. मला वाटले, माफी मागणार. तिने माफी मागितली नाही. ताईच्या हातातून मला ओढून घेतले.

“ताई, तुमचा गोल चुकला.”

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

“माझा?”

“मी धावत आले की अर्धं पाऊल पुढे जाते. जिन्याच्या तिथे धावायला जागा नव्हती ना, म्हणून मलाही माहीत नव्हतं. आज कळलं. पुढच्या वेळी गोल इथे काढा.” आणि तिने खडूने जुन्या गोलाच्या किंचित मागे नवा गोल काढला, चांगला ठसठशीत.

“पुढच्या वेळी?” ताईने विचारले.

“मग?” टाचणी म्हणाली. “अर्धं पाऊल काय एका दिवसात बसतं?”

ताई अध्यक्षांच्या खोलीत गेली तेव्हा मी तिच्या काखेत होतो, म्हणून पुढचेही सांगू शकतो. पत्र खिशातच राहिले. ती म्हणाली, “मला अजून एक वर्ष द्या. खालच्या गटातलं चालेल.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “खाली गेलो तर नवीन माणूस, असं बोललो होतो मी.”

“हो. हरलेले सात सामने जुन्या बाईचे होते. नवीन बाई कामाला लागून चारच आठवडे झालेत.”

अध्यक्ष म्हणाले, “तसंही खालच्या गटात यायला दुसरं कोण तयार होणार आहे म्हणा. एक वर्ष. पण एकच.”

ताई त्या संघाबरोबर पुढे अकरा वर्षे राहिली. वर यायला दोन वर्षे लागली, हेही खरे सांगून टाकतो.

आता मी म्हातारा झालो आहे. मुलींकडे चकचकीत पडदा आला आहे, त्यावर बोट फिरवले की बाण आपोआप धावतात. चांगला आहे तो. मला त्याचा राग नाही. सराव चालतो तिथल्या बाकावर मी पडलेला असतो. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला एखादी गोष्ट फार सुरेख येत असेल. चित्र, गणित, पोहणे, काहीही. तुमच्या शेजारी बसणाऱ्याला ती येत नसेल, तर ‘दे इकडे’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा. मी फार शहाणा आहे म्हणून सांगत नाही. वर्षानुवर्षे पाहिले, एवढेच.

आणि माझी स्वतःची अशी एकच विनंती आहे. तहान लागली की पाणी पिऊन ओल्या बाटल्या माझ्यावर ठेवू नका. प्लायवुड फुगते, आणि ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही. अजून कुणाला काहीतरी काढून दाखवायचे असेल.